नखाच्या बुरशीवर लेझर, 9 महिन्यांनंतर: आधी नख घासून घ्या

मे महिन्यात कुणी विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं, हे पैसे पाण्यात गेले. आता नोव्हेंबर आहे आणि मत अर्धं बदललंय. लेझरबद्दलचं बदललंय. बडोद्यातल्या ज्या क्लिनिकनं पहिल्या दोन सिटिंगना नख न घासताच लेझर मारला, त्यांच्यावरचा राग तसाच आहे.

हिशेब असा: उजव्या पायाचा अंगठा, 4 सिटिंगचं पॅकेज, दर 4 आठवड्यांनी एक, प्रत्येकी 2500 रुपये. लेझर 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग. तो बुरशीला उष्णतेनं मारतो, म्हणजे उष्णता नखाखालच्या कातडीपर्यंत पोचली पाहिजे. बुरशीनं नख जाड होतं, खाली पिठासारखा भुगा साचतो, आणि सगळी उष्णता तिथेच अडते. वरून चटका बसतो म्हणून काम झालंसं वाटतं, तेवढंच.

घासायचं कसं, ते नीट सांगतो, कारण क्लिनिकमध्ये आपण मागितल्याशिवाय कुणी करत नाही. आधीचा आठवडाभर रात्री 40 टक्के युरियाचं मलम फक्त नखावर लावून वर चिकटपट्टी. नख मऊ पडतं. सिटिंगच्या दिवशी सुटलेला भाग नेलकटरनं कापायचा, खालचा भुगा खरवडून काढायचा, मग फिरत्या बरनं (घासायच्या छोट्या यंत्रानं) नख वरून पातळ करायचं, बोटानं दाबल्यावर थोडं लवेल इतकं. दहा मिनिटंही लागत नाहीत. नेलपॉलिश किंवा औषधी लॅकर पूर्ण निघालेलं हवं, गडद रंग तापतो आणि भाजतं. डोळ्यांवर 1064 साठीचाच चष्मा हवा, उन्हाचा गॉगल चालत नाही. मधुमेहानं पाय बधिर असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. चटका कळत नाही आणि जखम राहते.

फरक मोजायला एकच युक्ती उपयोगी पडली. पिवळा भाग जिथे सुरू होतो, बरोबर तिथे कानशीनं नखावर बारीक आडवी खाच करायची. नख वाढतं तशी खाच पुढे सरकते, पायाच्या अंगठ्याला महिन्याला साधारण दीड मिलिमीटर. पिवळेपणा खाच ओलांडून मुळाकडे आला तर बुरशी जिवंत आहे. फेब्रुवारीतली खाच एप्रिलपर्यंत 3 मिलिमीटर पुढे गेली, पिवळी कड मात्र मुळापासून होती तिथेच, 4 मिलिमीटरवर. म्हणजे नख वाढेल तितकी बुरशी मागे येत होती. 5000 रुपये गेले ते इथे.

तिसऱ्या सिटिंगला हट्टानं नख घासून घेतलं, चौथ्यालाही. नवी खाच केली. मेअखेर डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, दिसणारही नव्हतं, कारण एका महिन्यात दीड मिलिमीटरच. पण पावसाळा संपला तरी पिवळेपणा खाचेच्या मागे आलेला नाही. आज मुळापासून 14 मिलिमीटर नख स्वच्छ आहे.

सगळं श्रेय लेझरला देता येणार नाही. एप्रिलपासूनच 5 टक्के अमोरोल्फिन या बुरशीनाशकाचं लॅकर आठवड्यातून एकदा सुरू आहे, आणि पातळ नखात तेही जास्त मुरतं. जाहिरातीत ‘एफडीए मान्य’ लिहितात, पण एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाची परवानगी ‘स्वच्छ नख तात्पुरतं वाढण्या’पुरती आहे, बुरशी बरी होते असं त्यात म्हटलेलं नाही. ज्यांना बुरशीची गोळी चालते त्यांनी आधी डॉक्टरांना तीच विचारावी: टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम रोज, पायाच्या नखाला 12 आठवडे, आधी लिव्हरची तपासणी. जेनेरिक घेतली तर अख्खा कोर्स या पॅकेजच्या लहानशा भागात बसतो. मला लिव्हरमुळे गोळी बंद होती, म्हणून लेझर.

दुसरी तक्रार तपासणीची. पैसे भरण्याआधी कुणी केओएच (खरवडलेल्या नखात बुरशी आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी) करायला सांगितलं नाही. बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांत बुरशी नसतेच. सोरायसिस असतो किंवा बुटाचा मार. नमुना निरोगी आणि पिवळ्या भागाच्या सीमेवरून, नखाखालून खरवडून द्यायचा. टोकाचा तुकडा दिला तर अहवाल खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. सयाजी हॉस्पिटलच्या त्वचा विभागात दाखवूनही हे होतं.

बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या बऱ्या केल्याशिवाय नखाला हात लावू नका, बुरशी तिथूनच परत येते. जुन्या बुटांत पावडर, रोगट नखाचं नेलकटर वेगळं. नवरात्रात अनवाणी गरबा खेळलात तर घरी आल्यावर पाय धुऊन बेचकी कोरडी करा. टोकाला अजून 4 मिलिमीटर पिवळं आहे, ते फेब्रुवारीपर्यंत कापलं जाईल. तोवर लॅकर चालू, पाचवं सिटिंग घेणार नाही.