अकरा महिन्यांनंतर: २.५५ किलोची दुनळी आणि तिचा तोल

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी माझ्या शिकारी बंदुकीच्या डाव्या नळीची फायरिंग पिन, म्हणजे काडतूस पेटवणारी खिळी, तुटली, म्हणून हे लिहायला बसलो. तोवर ही २० बोअरची साइड-बाय-साइड (दोन नळ्या शेजारी-शेजारी) मी भेटेल त्याला सुचवत होतो.

उत्तर मिशिगनमध्ये आम्ही रफ्ड ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीला फिरतो. तोडीनंतर दाट उगवलेल्या अॅस्पेनच्या झाडांमधून दिवसभर चाल, बंदूक सतत दोन्ही हातांत. म्हणून घेताना फक्त वजन पाहिलं. २६ इंची नळ्या, २.५५ किलो. दुकानात खांद्याला लावली आणि लगेच पैसे मोजले.

१५ सप्टेंबरला सीझन उघडला. हात दुखले नाहीत, हे खरंच. पण पक्षी पडेनात. ग्राउस पायाखालून भर्रकन उठतो आणि बघता बघता झाडाआड जातो. नळी त्याच्यापर्यंत झटकन पोचायची आणि चाप ओढताना जागीच थांबायची. छर्रे मागे. मी माझ्या नेमालाच दोष देत राहिलो.

पिन तुटल्यावर दुकानदार म्हणाला, सहा आठवडे लागतील. सीझनचा पहिला टप्पा १४ नोव्हेंबरला संपतो हे त्याला माहीत होतं! काडीएवढ्या पिनेपायी माझ्या बंदुकीचा उरलेला टप्पा गेला, हा राग अजून गेलेला नाही.

सोबत्याने त्याची जुनी १२ बोअर दिली. तीन किलोची, नळ्या ३० इंची. संध्याकाळी दंड भरून आले, पण दुसऱ्याच दिवशी दोन ग्राउस मिळाले. बार काढल्यावरही नळी पक्ष्याबरोबर पुढे जात होती.

माझी परत आल्यावर ती रिकामी करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लाटण्यावर आडवी ठेवली. सरकवत सरकवत तोल साधला, तिथे खडूने रेघ मारली. बंदूक जिथे उघडते त्या बिजागरीच्या खिळीपासून दोन सेंटिमीटर मागे, दस्त्याकडे! सोबत्याची बरोबर खिळीवर तोलली होती. म्हणजे माझीचं वजन मागे आणि नळ्या हलक्या, म्हणून त्या जागीच थांबायच्या.

ग्रीनर या जुन्या इंग्रज बंदूक-कारागिराच्या नावाने सांगतात तो नियम मला पाठ होता: छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट बंदूक असावी. माझ्या २५ ग्रॅम छर्‍यांच्या काडतुसाला २.४ किलो पुरतात, म्हणजे माझी त्यात बसते. पण तो नियम खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा आहे. वजन कुठे बसलंय, हे त्यातून कळत नाही. मी त्याच्याच भरवशावर बंदूक घेतली.

नवीन घ्यायला पैसे नाहीत. शिशाची चिकटपट्टी आणली, पिठाच्या काट्यावर ९० ग्रॅम मोजली आणि नळ्यांच्या खालून, पुढच्या लाकडाच्या लगेच पुढे चिकटवली. खडूची रेघ जवळजवळ एक सेंटिमीटर पुढे सरकली. सीझनच्या डिसेंबरमधल्या दुसऱ्या टप्प्यात बर्फातून उजवीकडे जाणारा एक ग्राउस पहिल्याच बाराला पडला, आणि या बंदुकीत नळी थांबली नाही असं पहिल्यांदा जाणवलं.

म्हणून पिन तुटेपर्यंत जे सांगत होतो ते मागे घेतो. हलकी आहे म्हणून ही घेऊ नका. ठेवणार असाल तर पट्टीचा खर्च धरा.

उरलेल्या एका सेंटिमीटरसाठी दस्त्याची मागची रबरी गादी काढून पाहिली. आत अक्रोडाचं भरीव लाकूड आहे. मागचं वजन कमी करायला मार्चमध्ये ते कोरायला घेणार.