साडेसहाशेचा पीएच पेन, डाळिंबवाल्यांनी घ्यावा का?

मोहोळ साइडला आपलं दोन एकर भगवा जातीचं डाळिंब आहे. दरवर्षी औषधावर पैसा ओततोय, रिझल्ट कधी येतो कधी नाही, आणि दुकानदाराचं एकच, औषध बदला. मग एकजण म्हणाला आधी पाणी तर बघा की ओ, म्हणून पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी का अल्कधर्मी, ते मोजणारा हा पिवळा पेन ऑनलाइन मागवला.

आल्या आल्या सोलापूरच्या घरी आरओच्या पाण्यात बुडवला तर आकडा ६.३, ६.७, ५.९ नुसता नाचतोय. म्हटलं गेले पैसे. नंतर कळलं की आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळं पेनला धरायलाच काही मिळत नाही, वर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते पाणी थोडं आम्लधर्मी होतं. बोअरच्या पाण्यात मात्र पाऊण मिनिटात ८.३ वर गप बसला.

आता ७ म्हणजे न्यूट्रल, ८.३ म्हणजे जरासंच वर, असंच मलाही वाटलेलं. पण इथं एकेक आकडा दहापटीचा असतो, ८ च्या पाण्याची अल्कता ७ च्या दहापट आणि ९ ची शंभरपट. कॅप्टन या बुरशीनाशकाचंच घ्या, पीएच ७ ला अर्धं औषध फुकट जायला साधारण ८ तास लागतात, ८ ला फक्त १० मिनिटं. आणि आम्ही बॅरल कालवून चहाला बसायचो!

आता २०० लिटरला आधी सायट्रिक अॅसिड टाकतो. पहिल्या दोन-तीन चमच्यात आकडा हलतच नाही, पाण्यातलं बायकार्बोनेट ते खाऊन टाकतं, मग एकदम घसरतो. आमच्या पाण्याला ६०-७० ग्रॅममध्ये ६ च्या आसपास येतं, तुमचं तुम्ही मोजा. फक्त कॉपरवाल्या औषधाला हे करू नका, आम्लात तांबं जास्त सुटतं आणि पानं करपतात.

बोर्डोला, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाला, तर पेन भारीच. आधी विळा बुडवायचो, त्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला. आता आकडा ७ च्या वर गेला की बास. तरी विळा जवळ ठेवलाय, त्याला सेल लागत नाहीत.

तक्रार आहे ती पुड्यांची. पेन सेट करायला ४.०१, ६.८६ आणि ९.१८ च्या पावडरी येतात, माझ्या पाकिटात ९.१८ ची फुटलेली होती, विकणाऱ्यानं मेसेजला उत्तरच दिलं नाही. दुसरं म्हणजे काचेचं टोक कोरडं पडू द्यायचं नसतं, टोपणात केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) द्रावण ठेवायचं, हे माहितीपत्रकात कुठंच नाही. मी पुसून, लख्ख करून ठेवला आणि महिन्याभरात पेन अर्ध्या आकड्यानं चुकायला लागला. स्क्रीनवर दोन दशांश दिसतात, त्यातला दुसरा शोभेचा समजा.

आणि हो, पाणी खारं आहे का ते यावर कळत नाही, त्याला विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएसचा पेन वेगळा. अल्कता वेगळी आणि खारटपणा वेगळा, हे शेजारच्या तात्यांना सांगून दमलो. शेवटी ताटलीत हळद कालवून त्यात चिमूटभर चुना टाकून दाखवला, लालभडक झाली. तात्या म्हणाले, पंढरपूरला कुंकू असंच करत्यात, त्याला साडेसहाशे कशाला घातले?

पाचपैकी तीन स्टार. पुडी फुटली नसती तर चार दिले असते.