पंगसला मातीचा वास: मोरचूद की बोअरचं पाणी?

एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडच्या शेततळ्यांत पाणी खाली जातं, हिरवंगार होतं आणि नेमका तेव्हाच पंगस मासा विक्रीला आलेला असतो. व्यापारी तुकडा शिजवून बघतो, मातीचा वास आला की भाव पाडतो. हा वास चिखलाचा नव्हे. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती जिओस्मिन आणि एमआयबी ही द्रव्यं तयार करतात. पहिल्या पावसाला जो मातीचा वास येतो, तो जिओस्मिनचाच. मासा ही द्रव्यं कल्ल्यांतून काही तासांत ओढून घेतो, पण ती चरबीत साठत असल्यामुळे बाहेर पडायला कित्येक दिवस लागतात.

डाळिंबवाल्याच्या घरी बोर्डोसाठी (बुरशीवरची फवारणी) मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, असतंच आणि त्यानं शेवाळ मरतं, त्यामुळे हात आधी तिकडे जातो. पण मूठभर टाकून भागत नाही. पाण्याची एकूण अल्कता (अल्कलिनिटी, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये) तपासायची, तिला शंभरने भागायचं. तेवढे मिलिग्रॅम मोरचूद प्रति लिटर. अल्कता २०० असेल तर हजार लिटरला २ ग्रॅम. म्हणजे ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, उतरत्या काठांच्या भरलेल्या तळ्याला, सुमारे २२ लाख लिटरला, साधारण ४.४ किलो. अल्कता ५० च्या खाली असेल तर मोरचुदाच्या वाटेला जाऊ नका, मासे मरतात. शिवाय शेवाळ एकदम मेलं की पाण्यातला प्राणवायू खाली येतो. पंगस वर येऊन हवा घेऊन तगेल, पण सोबत सोडलेले रोहू-कटला जातील. आणि मेलेलं शेवाळ पोटातला वास पाण्यातच सोडतं, म्हणजे विक्री तोंडावर असेल तर उलटंच व्हायचं.

म्हणून विक्रीला आठ-पंधरा दिवस उरले असतील तर मी बोअरच्या पाण्याची टाकीच धरेन: मासे त्या स्वच्छ पाण्यात ठेवून वास निघू द्यायचा. टाकी आधी घासून घ्या, भिंतीवरचा बुळबुळीत थरही वास देतो. खाद्य बंद, पाणी सतत बदलतं. ऊन पाण्यात वास लवकर निघतो, जाड चरबीच्या माशाला जास्त दिवस लागतात. वजन थोडं घटतं आणि बोअरला पाणी हवं, ही याची खरी किंमत. उन्हाळ्यात तेच अवघड, म्हणून सगळा माल एकदम न काढता टाकीत मावेल तेवढाच काढा.

विक्रीला अजून दोन-तीन महिने असतील आणि पाणी नुकतंच हिरवं होत असेल, तर हवा देणारं यंत्र लावून मोजून मोरचूद चालेल. त्याआधी उरणारं खाद्य कमी करा. शेवाळ त्यावरच पोसतं.

टाकीतून माल काढण्याआधी शेपटीकडचा एक तुकडा मीठ-मसाला न लावता झाकण ठेवून वाफवा. झाकण उघडताच पहिली वाफ नाकाशी घ्या. माती जाणवली तर अजून तीन-चार दिवस थांबा, मग दुसरा मासा तपासा.