‘मी’ म्हणायचं की ‘तो’?

रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, त्यानं काय केलं ते बोलून सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशांवर ठरवायचं. अशा खेळात रंगून जाणं म्हणजे नेमकं काय, यावरून आमच्या कोथरूडच्या टेबलावर दर शनिवारी जुंपते.

एक मित्र पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांत कामं केलेला. त्याच्या लेखी रंगणं म्हणजे पात्र अंगात भिनणं. त्याचा म्हातारा चोर ‘मी’ म्हणून बोलू लागला की आवाज खरखरतो, खांदे पडतात. चहाचा कपही डाव्या हातानं उचलतो, कारण चोराच्या उजव्या हाताची बोटं छाटलेली आहेत! फासे टाक म्हटलं की वैतागतो, “आत्ता कुठे तंद्री लागली होती.”

मी दुसऱ्या गटातला. माझा योद्धा कायम ‘तो’. तो दार ढकलतो, तो पडतो. पण मशाल किती वेळ पुरेल, दोर खालपर्यंत पोचेल का, या हिशेबात मी पार बुडालेला असतो. वीस बाजूंचा फासा गडगडत थांबेपर्यंत श्वास अडकतो. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच खेळ आला तोच मुळी टेबलावर सैन्य मांडून खेळायच्या युद्धखेळांतून, त्यामुळे ही मोजदाद काही उपरी नाही.

‘मी’वाल्यांचा एक त्रास मात्र आहे. परवा चोरानं आमचीच थैली लांबवली. वर म्हणे, “पात्रच तसं आहे!” अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही.

तरी कबूल करतो, घरी जाताना आठवतो तो चोरच. माझी दोरी नाही. नवख्यांना मी ‘तो’पासूनच सुरुवात करायला सांगतो. लाज मोडली की ‘मी’ आपोआप तोंडात येतं.