बारावीनंतर शाहू, स्वाधार की सेंट्रल सेक्टर? फॉर्म भरायच्या आधी हे बघा

बारावीचा निकाल लागला की उदगीर असो नाहीतर गेवराई, ऑनलाइन सेंटरवर तीच गर्दी आणि तोच प्रश्न, सगळे हेच विचारायलेत की "कोणती स्कॉलरशिप भरू?" खरं सांगायचं तर हा प्रश्न उशिरा विचारला जातो. स्कॉलरशिप ठरते ती ॲडमिशनच्या दिवशी, महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा) फॉर्म भरायच्या दिवशी नाही. कोणत्या राउंडमधून ॲडमिशन घेतली, कोणत्या दाखल्यावर घेतली, कोणत्या गावात घेतली, या तीन गोष्टींवर पुढची तीन-चार वर्षं अडकलेली असतात, म्हणून सगळ्या योजना आत्ताच शेजारी शेजारी ठेवून बघू, कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची यादी लागायच्या आधी.

आधी फीचं बघू. ओपन आणि एसईबीसीच्या (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) पोरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे, त्यात ट्यूशन फी आणि परीक्षा फी निम्मी मिळते. ओबीसीच्या मुलांना व्यावसायिक कोर्सला तसंच, निम्मी. व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असाल तर पूर्ण. एससीचं वेगळं आहे, उत्पन्न अडीच लाखाच्या आत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यात फी आणि वर निर्वाह भत्ता. अडीच लाखाच्या वर गेलं तरी फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, आहेच, फक्त निर्वाह भत्ता मिळत नाही. आमचे कितीतरी लोक अडीच लाखाच्या वर उत्पन्न गेलं म्हणून फॉर्मच भरत नाहीत, भरा की, फ्रीशिप त्यासाठीच ठेवलीय.

मुलींसाठी चित्रच बदललंय. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (ओपनमधले आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी निम्मीच्या जागी पूर्ण माफ झाली, उत्पन्नाची अट तीच, ८ लाख. म्हणजे एकाच घरात जुळे भाऊ-बहीण एकाच इंजिनिअरिंग कॉलेजला गेले, आणि समजा ट्यूशन फी ९० हजार असली, तर भावाला ४५ हजार भरावे लागतील आणि बहिणीला ट्यूशनचा एक रुपया नाही. पोरीला "जवळच्या कॉलेजात बीए कर" म्हणणाऱ्या पालकांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा, माझी हात जोडून विनंती आहे.

पण मोफत म्हणजे सगळंच शून्य असं समजू नका. माफ होते ती ट्यूशन आणि परीक्षा फी. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, बस, मेस हे राहतंच. ॲडमिशनच्या आधी कॉलेजकडून फीची फोड लेखी मागून घ्या, ट्यूशन किती आणि डेव्हलपमेंट किती, कारण दोन कॉलेजांची एकूण फी सारखी दिसली तरी त्यातली ट्यूशन वेगळी असू शकते आणि सवलत फक्त त्या आकड्यावर लागते.

आता सगळ्यात मोठा खड्डा, मॅनेजमेंट कोटा. व्यावसायिक कोर्सची सवलत कॅपमधून आलेल्या पोरांना आहे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की शाहू नाही, मुलींची मोफत फी पण नाही. डीम्ड आणि खासगी विद्यापीठांचं पण तसंच. दरवर्षी काय होतं, पहिल्या राउंडला आवडीची ब्रँच लागत नाही, घरचे घाबरतात, कुणीतरी ओळखीचा म्हणतो सीट संपायलीत आणि कॅपचे राउंड बाकी असताना लोक डोनेशनच्या दारात जाऊन बसतात. हे दोन पर्याय समोरासमोर ठेवून बघा: कॅपमधून मिळालेली दुसऱ्या पसंतीची ब्रँच, निम्म्या फीत किंवा मुलगी असेल तर बिनफीची, आणि मॅनेजमेंटमधून मिळालेली पहिल्या पसंतीची ब्रँच, पूर्ण फीत, चार वर्षं. सोयाबीनच्या पट्टीवर घर चालत असेल तर मी पहिलाच पर्याय सांगेन, बिनधास्त. बीबीए-बीसीए पण २०२४-२५ पासून सीईटी आणि कॅपमध्ये आलेत, त्यामुळं "आमचं काय इंजिनिअरिंग नाही" म्हणून सीईटी सोडू नका, तिथंही हाच नियम लागतो.

आता एक तुलना जी फार कमी लोक करतात. केंद्र सरकारची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, पदवीला वर्षाला १२ हजार. अट दोन मुख्य, घरचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आत आणि बारावीला आपल्या बोर्डाच्या त्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर. इथं पोरं गोंधळतात, ८० टक्के मार्क वेगळे आणि ८० पर्सेंटाइल वेगळं, तुमच्या शाखेतल्या वरच्या वीस टक्क्यांत तुम्ही पाहिजेत. आर्ट्सच्या पोरांनी तर आपला कटऑफ बघावाच, आपल्याला बसणार नाही असं घरी बसून ठरवू नका. निम्म्या जागा मुलींसाठी आहेत. पण ही घेतली की दुसरी स्कॉलरशिप किंवा फीसवलत घेता येत नाही, शाहू पण नाही. मग कोणती घ्यायची?

अंबाजोगाईला किंवा परभणीला अनुदानित कॉलेजात बीएस्सी, बीकॉम करणार असाल तर तिथली ट्यूशन फी मुळात थोडी, त्यावर माफी मिळून मिळून किती मिळणार? तिथं सेंट्रल सेक्टरचे १२ हजार सरळ खात्यात, तीन वर्षांचे ३६ हजार. मी तर डोळे झाकून तीच सांगेन. तेच पोरगं फार्मसीला किंवा इंजिनिअरिंगला विनाअनुदानित कॉलेजात जात असेल तर शाहूची निम्मी फी १२ हजारापेक्षा कितीतरी जास्त होते, तिथं शाहू. सेंट्रल सेक्टर दरवर्षी चालू ठेवायला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळं फक्त नाव लावून घरी बसणाऱ्याला ती टिकत नाही. दोन्हीकडं फॉर्म टाकून बघू असा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका, आधारवरून दुहेरी लाभ दिसतो आणि मग दोन्ही अडकतात.

फी झाली, आता राहणं-खाणं. आपल्याकडं पोरगं शिकायचं थांबतं ते जास्त करून इथंच, खोलीभाडं आणि मेसपायी.

एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, सरकारी हॉस्टेलला पात्र असून जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी. उत्पन्न अडीच लाखाच्या आत, मागच्या परीक्षेत ५० टक्के. पुण्यात शिकलात तर वर्षाला ६० हजार, छत्रपती संभाजीनगरला ५१ हजार, लातूर-नांदेड-परभणी अशा जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. एसटीसाठी स्वयम् योजना, रक्कम तीच. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तिथं तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांनाही ३८ हजार आहेत, पण जिल्ह्याला ६०० जणांची मर्यादा आहे, यादी लागते, त्यामुळं हे पैसे मिळणारच असं धरून खोली घेऊ नका. मराठा आणि ओपनच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, उत्पन्न ८ लाखाच्या आत, त्यात अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांचा विचार आधी केलाय, म्हणून तहसीलमधून अल्पभूधारकाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

आता आकडे ऐकून सगळे पुण्याकडं बघायलेत, ६० हजार आहेत म्हणून. जरा फोड करून बघा. स्वाधारच्या ६० हजारात भोजन ३२ हजार, निवास २० हजार, निर्वाह ८ हजार. ४३ हजारात भोजन २५, निवास १२, निर्वाह ६. दहा महिने धरले तर पुण्यात खोलीला महिन्याला २ हजार मिळतात आणि लातूरला १२००. पुण्यात २ हजारात कॉट मिळते का ते तिथं राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. लातूरला तिघं मिळून खोली केली, डबा गावाकडून एसटीनं आला, तर ४३ हजारात बरंच भागतं. म्हणजे रक्कम १७ हजारांनी जास्त असूनही पुण्यात पोरगं जास्त ओढाताणीत राहतं. पुण्याचं कॉलेज खरंच चांगलं असेल, प्लेसमेंट असेल तर जा, नक्की जा, पण स्वाधार जास्त मिळतो म्हणून जाऊ नका.

आणि हे पण लक्षात ठेवा, मॅट्रिकोत्तरमधला निर्वाह भत्ता स्वाधारच्या रकमेतून वजा होतो, दोन्हीची बेरीज करून हिशोब मांडू नका. विद्यार्थी स्थानिक नको ही पण अट आहे, औसा-रेणापूरचं पोरगं लातूरला शिकलं तर चालतं, लातूर शहरातलंच असेल तर नाही. भाडेकरार, मेसची पावती, हजेरी हे लागतं, पैसे हप्त्यानं येतात आणि उशिरानं येतात, तर पहिल्या काही महिन्यांचं भाडं घरून द्यायची तयारी पाहिजेच.

आता ज्यावर गावागावात सगळ्यात जास्त चर्चा चाललीय ते, मराठा घरांनी कुणबी दाखला काढावा का एसईबीसीवर राहावं. निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती आली, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला, तेव्हापासून घराघरात जुनी कागदं काढणं चाललंय. ॲडमिशनच्या कटऑफमध्ये काय फरक पडतो तो ज्याचा त्यानं बघावा, मी फक्त फीचं सांगतो. मुलाला एसईबीसीवर निम्मी, कुणबी म्हणजे ओबीसीवर पण निम्मी. मुलीला दोन्हीकडं पूर्ण माफ. सारथी या सरकारी संस्थेच्या योजना मराठा आणि कुणबी दोघांनाही आहेत. म्हणजे निव्वळ फीसवलतीसाठी दाखला बदलायची धावपळ करायची काहीच गरज नाही. फरक पडतो तो राहण्या-खाण्याच्या योजनेत आणि सगळ्यात जास्त व्हॅलिडिटीत. राखीव सीट घेतली की जात वैधता लागते, नोंद पणजोबाची आणि आडनावात काना-मात्रा वेगळा असला की समितीकडं फेऱ्या सुरू, आणि मुदतीत वैधता आली नाही तर सीटच धोक्यात येते. नोंद स्पष्ट असेल, नात्यातल्या कुणाची वैधता झालेली असेल तर घ्या. कच्ची नोंद असेल तर यंदाच्या ॲडमिशनला ती वापरून पोराच्या वर्षाशी खेळू नका, काम सावकाश पुढं चालू ठेवा.

ओपनवाल्यांनी एक गोष्ट ऐका, मुलाला शाहूची निम्मी फी मिळायला ईडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट लागत नाही, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पुरतो. मुलगी असेल तर ईडब्ल्यूएस काढूनच ठेवा. आणि ओबीसी-एसईबीसीवाल्यांनो, नॉन क्रिमिलेअर (उन्नत गटात नसल्याचा दाखला) आहे म्हणजे उत्पन्नाची अट आपोआप बसली असं नाही. नॉन क्रिमिलेअर काढताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, पण फीसवलतीला उत्पन्नाचा दाखला बघतात आणि त्यात सगळं येतं. आईवडील दोघं झेडपीच्या शाळेवर शिक्षक असतील तर पोराकडं नॉन क्रिमिलेअर असतं आणि सवलत मात्र बसत नाही, ॲडमिशनच्या वेळी हे कळलं की फार वाईट वाटतं लोकांना. शाहूला अजून एक, घरातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो, तर थोरल्यांनी घेतला असेल तर धाकट्याचा हिशोब वेगळा करा, कदाचित त्याला सेंट्रल सेक्टरच बरी पडेल.

शेवटी खात्याचं. फॉर्मवर तुम्ही कोणताही अकाउंट नंबर लिहा, डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे जातात ते आधारला जे खातं लिंक आहे त्यात. आपल्याकडं पोरांची दोन-दोन तीन-तीन खाती असतात, एक शाळेत असताना काढलेलं झिरो बॅलन्स, एक पोस्टाचं, एक कॉलेजला काढलेलं, आणि लिंक असतं ते भलतंच, कधीकधी बंद पडलेलं. बँकेत जाऊन "आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे" एवढंच विचारा, केवायसी वेगळं आणि सीडिंग वेगळं, काउंटरवर दोन्ही शब्द नीट सांगा. फॉर्म मंजूर झाला म्हणून शांत बसू नका, महाडीबीटीवर लॉगिन करून हप्त्याचं व्हाउचर आलं का बघा आणि रिडीम करा, पासवर्ड ऑनलाइन सेंटरवाल्याकडं नको, स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, मोबाईल नंबर पण स्वतःचाच द्या नाहीतर ओटीपी दुसऱ्याकडं जातो. एससीच्या मुलांच्या खात्यात केंद्राचा हिस्सा थेट येतो, त्यात कॉलेजची फी पण असते, ती ७ दिवसांत कॉलेजला भरायची आहे, घरात अडचण असली तरी त्या पैशाला हात लावू नका आणि भरल्याची पावती जपून ठेवा, पुढच्या वर्षी रिन्यूअलला क्लार्क आधी तीच मागतो.