ओल्या कचऱ्याचं खत: सोसायटीने मशीन घ्यावं की हौद बांधावेत?

ओला-सुका वेगळा होतोय असं धरून चालतो. होत नसेल तर दोन्हींवर पैसे घालू नका.

मशीनची बाजू आधी. पार्किंगच्या कोपऱ्यात मावतं. वरून कचरा टाकला की आत हीटर आणि पाती फिरतात, दुसऱ्या दिवशी खालून तपकिरी भुगा. करवंटी किंवा आंब्याची कोय गेली की पातं अडकतं, पण तेवढं सांभाळता येतं. सगळीकडे काँक्रीटच असेल किंवा दोनशेच्या वर फ्लॅट असतील, तर मशीन घेणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

माझं मन फिरलं ते त्या भुग्यामुळे. चोवीस तासांत कचरा वाळतो, कुजत नाही. दिसतो कॉफीच्या चोथ्यासारखा, म्हणून माळी थेट कुंडीत घालतो. पाणी पडलं की राहिलेलं कुजणं तिथेच सुरू: पांढरी बुरशी, आंबूस वास, मुळाशी गरमी, आणि आठवड्यात तुळस मान टाकते. तो जुन्या खतात कालवून, ओल राखून दोन-तीन आठवडे मुरवावाच लागतो. मुरवायचा कुठे? हौदात! जागा वाचावी म्हणून मशीन आणायचं आणि मग भुग्यासाठी जागा शोधायची. विजेचं बिल वेगळंच.

हौदांचा हिशेब साधा आहे. ८० फ्लॅटचा कचरा रोज साधारण ४० ते ४५ किलो. त्याला ४ × ३ × ३ फुटांचे पाच हौद पुरतात. विटांमध्ये हवेसाठी फटी ठेवायच्या, आतून उंदरांसाठी बारीक जाळी, वर पत्रा. दहा दिवसांत एक भरतो. पाचवा भरेपर्यंत पहिल्याला चाळीस दिवस मिळालेले असतात. तळाशी अर्धा फूट काड्या आणि नारळाच्या शेंड्या. मग दोन बादल्या कचऱ्याला एक बादली सुका पाला, वर थोडं जुनं खत किंवा आंबट ताकाचं पाणी. आठवड्यातून एकदा वरखाली. मूठ दाबून पाहायची: एखादा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला वाढवा. लोखंडी सळई पाच मिनिटं खुपसून काढली की चटका बसायला हवा. गार लागली तर हवा कमी पडतेय किंवा ओल बिघडलीय.

तक्रारी येतात त्या अळ्यांच्या. जाड, करड्या अळ्या कचराच खातात, उपद्रव करत नाहीत. पण पहिल्या मजल्यावरच्यांना हे पटत नाही. पाल्याचा थर जाड केला की दिसेनाशा होतात. रोज दीड-दोन तास देणारं माणूस मात्र लागतं, आणि इथे काटकसर केली की हौद नासतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेमार्फत असं काम करून घेता येतं.

हौदाची खरी अडचण पावसाळ्यात. चार महिन्यांना दाबून भरलेली पन्नासेक पोती पाला लागतो आणि तो गळतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. ठराव होतो सप्टेंबरच्या वार्षिक सभेत. तेव्हा उन्हाळ्यापर्यंत वखारीतून लाकडाचा भुसा आणा, आणि पानगळीत पाला पेटवायला निघालेल्या माळ्याच्या हातातली काडेपेटी आधी काढून घ्या.