चुकू देणारे खेळ: आठ महिने खेळल्यानंतरचा अनुभव

मागच्या जूनमध्ये लेक सहावीत गेली आणि गणिताच्या वहीत पेन टेकवायला घाबरू लागली. कारण घरातच होतं. टॅबवर मीच घेऊन दिलेलं एक शैक्षणिक ॲप होतं. उत्तर चुकलं की लाल फुली, एक कर्कश आवाज आणि वरच्या पाच बदामांतला एक गायब. पाचही संपले की धडा बंद. दीड महिन्यात पोरगी त्यातून एवढंच शिकली की खात्री नसेल तर उत्तर द्यायचंच नाही.

ते ॲप काढून टाकलं. त्यानंतर आम्ही दोघी मिळून, आणि एक मी एकटीनं, जे खेळ खेळलो, त्यांच्याबद्दल लिहिते आहे. निवांत खेळ, गोष्टीचे खेळ आणि एक रॉकेटचा. सगळे एका जुन्या लॅपटॉपवर, जेवणं आटपल्यावर. प्रत्येक खेळाकडे मी एकाच नजरेनं पाहिलं: आपलं चुकलं तर हा खेळ काय करतो?

सर्वांत जास्त तास ‘स्टारड्यू व्हॅली’त गेले. २०१६ साली आलेला हा खेळ एरिक बरोन या एकाच माणसानं चारेक वर्षं राबून बनवला. चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं त्याचंच. शहरातल्या कंपनीत कंटाळलेला माणूस आजोबांनी ठेवलेल्या शेतावर येतो, इथून सुरुवात. पहिल्याच दिवशी गावचा सरपंच म्हणावा असा लुईस पार्सनिपच्या पंधरा बिया देतो. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखं काहीतरी, चार दिवसांत तयार. वर्षात चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, आणि एक दिवस आपल्या घड्याळात सुमारे चौदा मिनिटांचा.

लेकीनं वसंताच्या वीस तारखेला सगळे पैसे घालून फुलकोबी लावली. फुलकोबीला बारा दिवस लागतात. उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी अख्खा वाफा वाळून गेला होता. ती माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, झालं, हेही गेलं हातातून. पण खेळानं फुली मारली नाही, आवाज केला नाही, काही हिरावून घेतलं नाही. वाळलेली रोपं उपटायची आणि उन्हाळ्याचं काहीतरी लावायचं, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं गणिताच्याच वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला: पीक, किती दिवस, कितव्या तारखेपर्यंत लावलं तर चालेल. अठ्ठावीस वजा बारा. पेनानं, खाडाखोड करत. ते पान मी जपून ठेवलं आहे.

आता अप्पांबद्दल. माझ्या वडिलांनी तासगावकडे पस्तीस वर्षं द्राक्षबाग केली. गुडघ्यांमुळे हल्ली ते सांगलीला आमच्याकडे असतात. पहिले काही दिवस ते लांबून बघायचे, मग खुर्ची ओढून शेजारी बसू लागले. खेळात टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात. अप्पांनी विचारलं, “आणि सांगितलं की पडतोच पाऊस?” लेक म्हणाली, “पडतोच, आजोबा.” ते बराच वेळ गप्प बसले. मग माल विकायची पेटी आली. पेटीत माल टाकायचा, रात्री झोपायचं, सकाळी पैसे जमा. “पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळीच? अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही?” काही नाही. भावही ठरलेला. गावातल्या सगळ्यांनी एकच पीक लावलं म्हणून तो पडत नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या खेळात जो जीव रमतो, तो शेतीतली भीती काढून टाकलेली असते म्हणून. फळछाटणीनंतर आलेला अवकाळी पाऊस आमच्या घरानं पाहिलेला आहे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बागेत गेलेले अप्पा मी पाहिलेत. त्यामुळे या खेळातून मुलांना शेती कळते असं कुणी म्हणालं तर मी ठामपणे नाही म्हणेन. दिवसांचा हिशेब कळतो, पाण्याची शिस्त कळते, पेरण्याआधी विचार करायची सवय लागते. शेती कळत नाही.

तरीही अप्पांना खेळ आवडला. शरद ऋतूत द्राक्षाचा वेल लावता येतो. दहा दिवसांत पहिला तोडा, मग दर तीन दिवसांनी. एक तारखेला लावला तर अकरापासून सव्वीसपर्यंत सहा तोडे, हे लेकीनं मोजून सांगितलं. आमच्याकडे वर्षात छाटण्या दोन, पीक एकदा, आणि फळछाटणीपासून काढणीपर्यंत चारेक महिने. “सहा तोडे!” म्हणून ते मनापासून खूश झाले. पण या वेलांच्या मांडवातून चालता येत नाही, आपण आपल्याच ओळींत अडकतो. लेकीनं पहिल्या वर्षी सलग चौकोन लावला आणि मधल्या वेलांपर्यंत पोचताच येईना. “सऱ्यांमधनं वाट ठेवायची असते बाळा,” अप्पा म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः कागदावर बाग आखून दिली.

२०२४ च्या मोठ्या अपडेटमध्ये फळं सुकवायचं यंत्र आलं. पाच द्राक्षं घातली की एक बेदाणा. हे पाहिल्यावर अप्पा सरसावून बसले. आपल्याकडे चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा बसतो. “पाच धरलेत. म्हणजे हिशेब करणाऱ्याला काहीतरी माहिती आहे.” ज्यानं खेळ बनवला त्याला ही शाबासकी कधी कळणार नाही, पण माझ्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

दोन गोष्टी पालकांनी आधीच जाणून घ्याव्यात. खेळ फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. मध्येच बंद केला तर तो दिवस वाया. आमच्याकडे याचा फायदा झाला, “हा दिवस संपला की बंद” असा नियम करता आला. पण “अजून एकच दिवस” ही ओढ फार जबर आहे आणि ती मलाही लागली. दुसरं म्हणजे गावातला शेन नावाचा तरुण दारूत बुडालेला आहे. मैत्री वाढत गेली की एका प्रसंगात तो कड्याच्या टोकाशी, जगावंसं न वाटणाऱ्या अवस्थेत भेटतो. प्रसंग सांभाळून लिहिलाय, पण अकरा वर्षांच्या मुलीशेजारी त्या वेळी मोठं माणूस बसलेलं हवं.

भाषेचं मात्र मनात राहतं. बारा भाषांत हा खेळ मिळतो, त्यात तुर्की आहे, हंगेरियन आहे. मराठी नाही, भारतातली एकही नाही. अप्पांसाठी प्रत्येक पत्र, प्रत्येक संवाद लेक मराठीत सांगायची. सुरुवातीला अडखळत, मग झरझर. “पेलिकन टाऊन”चं तिनं “बगळेवाडी” करून टाकलं. पेलिकनला मराठीत झोळीवाला म्हणतात हे मी सांगितलं, पण आमच्या घरात बगळेवाडीच राहिली.

इथून थेट ‘वेन्बा’वर येते, कारण तो खेळ भाषेचाच आहे. टोरोंटोतल्या विसाई गेम्सनं २०२३ मध्ये आणला. १९८८ साली तमिळनाडूतून कॅनडात गेलेली वेन्बा, तिचा नवरा पावलन आणि तिथेच जन्मलेला मुलगा कविन. वेन्बाकडे आईची पाककृतींची वही आहे, फाटलेली, डाग पडून पुसट झालेली. पुसलेलं आपण ओळखायचं आणि पदार्थ करायचा. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, पुट्टू म्हणजे तांदळाचं पीठ नि नारळ नळीत भरून वाफवलेला पदार्थ, त्याच्या नळीत काय आधी घालायचं. चुकलं तर पुन्हा करा, कितीही वेळा. खरकटं वाढत नाही, वेळ धावत नाही. कढईत फोडणी पडते तो आवाज ऐकून अप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं होतं.

पण स्वयंपाक हे निमित्त आहे. मुलगा इंग्रजीत उत्तर देऊ लागतो. आईचे शब्द त्याला नीट कळेनासे होतात आणि पडद्यावर ती अक्षरंच धूसर होतात. माझी लेक इंग्रजी माध्यमात आहे. तो प्रसंग आला तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, “आई, मला तुझं सगळं कळतं हं.” मी उठून पाणी प्यायला गेले. पूर्ण खेळ दीड तासाच्या आसपास संपतो, एवढाच छोटा. पैशांच्या मानाने कमी वाटेल. आम्ही तो चार वेळा खेळलो आणि एका रविवारी पुट्टूही केला. नळी नव्हती, करवंटीत केला. २०२४ चा पदार्पणाच्या खेळाचा ब्रिटनमधला बाफ्टा पुरस्कार याला मिळाला, आणि मला त्याचा घरच्यासारखा आनंद झाला.

‘अनपॅकिंग’ थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या विच बीमचा, २०२१ चा. एका मुलीची १९९७ ते २०१८ मधली घरं बदलणं, खोकी उघडून सामान लावणं. ती मुलगी एकदाही दिसत नाही, एकही संवाद नाही. २०१० मध्ये ती मित्राच्या घरी राहायला जाते आणि तिच्या पदवीच्या प्रमाणपत्राला भिंतीवर जागाच नसते. शेवटी ते पलंगाखाली सरकवावं लागतं. लग्न होऊन आलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. वस्तू चुकीच्या जागी असेल तर तिच्याभोवती लाल रेघ येते. ती नको असेल तर सेटिंगमध्ये ‘काहीही कुठेही ठेवू द्या’ असा पर्याय आहे. आम्ही तो चालू केला आणि प्रमाणपत्र स्वयंपाकघरात लावलं.

आता रॉकेट. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीनं बनवला, पूर्ण आवृत्ती २०१५ ची. हा निवांत खेळ नाही. सूचना लांबलचक इंग्रजीत, लॅपटॉप तापतो, पहिल्या पंधरवड्यात आम्ही तो सोडूनच दिला होता. पण मला विचाराल तर शिकवणारा खेळ म्हणजे हा. लेकीच्या पहिल्या रॉकेटमध्ये टप्पे उलटे लागले, इंजिन पेटण्याआधी पॅराशूटच सुटलं. दुसरं आडवं झालं. तिसरं फुटलं. प्रत्येक वेळी एक बटण दाबलं की रॉकेट परत तळावर उभं. चूक ही इथे माहिती आहे, आणि ती फुकट मिळते.

ती सरळ वर जात राहायची. शंभर किलोमीटर वर, आणि परत खाली धप्प. खेळातल्या कर्बिन ग्रहाचं वातावरण सत्तर किलोमीटरवर संपतं, म्हणजे अवकाशात तर ती पोचली होती. मग पडतं का? आठवडाभर हा प्रश्न जेवणाच्या ताटावर होता. उत्तर तिचं तिलाच सापडलं: वर जाणं पुरेसं नाही, आडवं जोरात जायला हवं. सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पडत राहतो पण जमीन चुकत राहते. कर्बिनची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर म्हणून एवढ्यात भागतं. आपल्या पृथ्वीला सेकंदाला पावणेआठ किलोमीटर लागतात, हेही तिनंच शोधून मला सांगितलं.

चंद्रयान-३ च्या वेळी तिनं विचारलं होतं की अपोलो ११ चार दिवसांत पोचलं, मग आपल्याला १४ जुलै ते २३ ऑगस्ट एवढे दिवस का? तेव्हा “आपलं रॉकेट लहान म्हणून” एवढंच मला सांगता आलं होतं. आता तिनं ते करून पाहिलं. ग्रहाच्या सर्वांत जवळच्या बिंदूवर थोडं इंजिन पेटवायचं, पलीकडचं टोक उंच जातं. पुन्हा फेरी, पुन्हा थोडं. कक्षा लांबत लांबत चंद्रापर्यंत. इस्रोनं पृथ्वीभोवती पाच वेळा कक्षा वाढवली होती. वर्तमानपत्रातलं ते चित्र तिनं पुन्हा शोधून काढलं आणि त्यावर बोट फिरवत मला समजावलं.

‘स्पिरिटफेअरर’ मी एकटीच खेळले. माँट्रियलच्या थंडर लोटसचा, २०२० चा. स्टेला नावाची मुलगी मेलेल्यांना नावेतून शेवटच्या दारापर्यंत सोडते. तोवर त्यांना आवडीचं खायला घालायचं, खोली बांधून द्यायची, मिठी मारायची. मिठीची वेगळी सोयच आहे. नावेत ॲलिस नावाची एक साळिंदरासारखी म्हातारी असते. हळूहळू ती स्टेलाला आपली मुलगी समजून हाक मारू लागते. माझी आजी शेवटच्या वर्षी मला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारायची आणि मी दर वेळी “अगं आजी, मी” म्हणून तिला दुरुस्त करायचे. खेळात स्टेला दुरुस्त करत नाही, नुसती हात धरून चालते. तीन आठवडे मी तो खेळ उघडू शकले नाही. मग पूर्ण केला. जवळचं माणूस नुकतंच गमावलेल्यांनी घाई करू नये, पण कधीतरी खेळावा.

अलीकडे स्टारड्यूत तिसरं वर्ष लागलं. पन्नासेक तास झाले असतील. वारलेले आजोबा तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या पहाटे येतात, आपण शेत कसं सांभाळलं ते बघतात आणि समाधीवर एक ते चार मेणबत्त्या पेटतात. आमच्या दोन पेटल्या. लेकीचा चेहरा पडला, तोच जुना चेहरा. अप्पा भडकले. “आजा कधी मार्क देतो होय? हे काय बरोबर न्हाई.” समाधीवर हिरा ठेवला की आजोबा पुन्हा येऊन बघतात, अशी सोय खेळात आहे. मी तिला तसं सांगितलं. ती आठवडाभर खाणीत उतरून हिरा घेऊनही आली.

तो हिरा अजून सामानाच्या पेटीतच आहे. काल तिला विचारलं तर म्हणाली, “आधी आजोबांची बाग लावून होऊ दे,” आणि अप्पांनी आखून दिलेला कागद लॅपटॉपला टेकवून ठेवला.